पद्धत ब खरंच हळू होती का? गेमिंग कॉम्प्युटरची डिस्क आणि माझा एक चुकलेला तक्ता

आमच्या लॅबमध्ये एक गेमिंग कॉम्प्युटर आहे. एका बाजूला काच, आत रंग बदलणारे दिवे, सुरू झाला की लग्नाच्या मांडवासारखा झगमगाट. संशोधनाच्या लॅबमध्ये हे काय, असं नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटतं. कारण साधं आहे. डीप लर्निंगला लागणारं ग्राफिक्स कार्ड सर्व्हरमध्ये घ्यायचं तर बजेट पुरत नाही, गेमिंगच्या मशीनमध्ये पुरतं. तुम्ही पेट, नेट पास होऊन पीएचडीला लागाल तेव्हा तुमच्याही वाट्याला बहुधा असंच एखादं मशीन येईल. म्हणून हा किस्सा जरा तपशिलात सांगते. दिसायला हा 'डिस्क स्लो झाली, काय करू' असा प्रश्न आहे, पण त्यात माझ्या थिसिसचा एक तक्ता चुकता चुकता वाचला.

माझं काम सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवर आहे. पावसाळ्यात ढगांमुळे प्रतिमेत भोकं पडतात, ती भरून काढायच्या दोन पद्धती मी ताडून बघत होते. त्यांना इथे अ आणि ब म्हणू. दोन्ही पद्धती एकाच डेटावर चालतात आणि प्रत्येकीतून साधारण ६० जीबी फाइली तयार होतात. रोज सकाळी आल्यावर मी आधी अ चालवायचे, ती संपली की लगेच ब. अ ला ९ मिनिटं, ब ला १७. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. मी तक्त्यात लिहून टाकलं: 'ब पद्धत अचूकतेत थोडी सरस, परंतु जवळपास दुप्पट वेळ घेते.' मसुदा सरांना पाठवायची तयारीही झाली.

गुरुवारी अ ला १४ मिनिटं लागली.

पहिली प्रतिक्रिया काय असते माहीत आहे ना? 'विंडोजचं काहीतरी अपडेट चालू असेल.' मी तेच म्हटलं आणि पुढे गेले. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमचा ज्युनियर म्हणाला, "ताई, सकाळी लवकर आलो तर गेम पटकन उघडतो. तुमचं ते दुसरं काम संपल्यावर उघडला तर अर्धा वेळ लोडिंगच बघत बसावं लागतं." (लॅबच्या मशीनवर गेम कसा, हा प्रश्न सरांनी हा लेख वाचल्यावर बघू.)

त्याचं वाक्य मला नंतर संध्याकाळी बसमध्ये खटकलं. गेमचा आणि माझ्या कोडचा संबंध काय? ब पद्धत संपलेली असते, तिचा प्रोसेस बंद झालेला असतो, तरी मशीन रेंगाळतं. म्हणजे हळूपणा ब च्या कोडमध्ये नसून ब च्या आधी जे घडलं त्यात असू शकतो. तसं असेल तर माझ्या तक्त्यातलं वाक्य चुकीचं आहे.

आता तपास. सगळ्यात आधी बॅकअप. हे पाठ्यपुस्तकी वाटेल, पण डिस्क हळू होण्याचं एक कारण ती मरायला टेकलेली असणं हेही असतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर वेगाच्या चाचण्या चालवणं म्हणजे आजारी माणसाला जिने चढायला लावून दम लागतो का ते बघणं. बॅकअप झाल्यावर स्मार्टची नोंद बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. साध्या हार्ड डिस्कमध्ये ५ क्रमांकाची नोंद (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि १९७ क्रमांकाची (वाचता न आल्यामुळे प्रलंबित असलेले सेक्टर) शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर तपास थांबवा आणि नवी डिस्क आणा. साटा डिस्कची १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर दोष बऱ्याचदा केबलचा असतो. केबल बदलून बघायला शंभर-दोनशे रुपये पुरतात.

मात्र स्मार्टने 'ठीक आहे' म्हटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही खूण दिसलेली नव्हती. खूण दिसली तर धोका आहे हे खरं, पण खूण दिसली नाही म्हणून धोका नाही असं त्यातून निघत नाही. हा तर्काचा फरक संशोधनात पदोपदी लागतो.

माझी डिस्क १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी होती आणि तिच्या नोंदी स्वच्छ होत्या.

दुसरा संशय उष्णतेवर. गेमिंग मशीनमध्ये हा संशय रास्तच आहे, कारण कित्येक मदरबोर्डवर एसएसडीची जागा नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली येते. कार्ड तापलं की खालची एसएसडी शेकते, आणि एका मर्यादेनंतर ती स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करते. ही मर्यादा बहुतेक डिस्कमध्ये ७० ते ८० अंशांच्या आसपास असते. इथे मी एक गोष्ट केली, जी करायला मला सरांनीच शिकवलं आहे: चाचणीच्या आधी भाकीत वहीत लिहिलं. 'कारण उष्णता असेल, तर काच काढून टेबल फॅन लावल्यावर ब चा वेळ कमी व्हायला हवा.' काच काढली, फॅन लावला, तापमान ५२ वरून ४४ वर आलं. ब ला १७ मिनिटंच लागली. उष्णता बाद. भाकीत आधी लिहिलं नसतं, तर 'थोडा फरक पडल्यासारखा वाटतो' असं मी म्हटलं असतं याची मला खात्री आहे. आपण सगळेच म्हणतो.

तिसरा संशय अँटीव्हायरसवर, तोही एका दुपारीत निकालात निघाला. आउटपुटचं फोल्डर तपासणीतून वगळलं, फरक नाही. (हजारो बारक्या फाइली लिहिणारं काम असेल तर इथे फरक पडू शकतो. माझ्या फाइली मोठ्या होत्या.) या सगळ्यात टास्क मॅनेजर 'डिस्क १००%' असं लाल करून दाखवत होता. या आकड्याने भल्याभल्यांना फसवलं आहे. डिस्कची क्षमता संपली, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या वेळात डिस्ककडे सतत काही ना काही काम प्रलंबित होतं, एवढंच तो सांगतो. बँकेत एकच ग्राहक काउंटरवर तासभर गप्पा मारत बसला तरी काउंटर १००% व्यग्रच असतो. बघायचं असेल तर एका विनंतीला सरासरी किती मिलीसेकंद लागतात ते बघा. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये तो रकाना आहे, लिनक्सवर आयओस्टॅटमध्ये आहे. माझ्याकडे ब चालू असताना हा आकडा चांगलाच वर होता. म्हणजे डिस्क खरंच हळू उत्तर देत होती.

मग बेंचमार्क चालवला. आणि इथे गंमत झाली. क्रिस्टलडिस्कमार्क म्हणालं, सगळं झकास. लिहिण्याचा वेग डब्यावर छापलाय तेवढाच.

या टप्प्यावर बरेच जण हात टेकतात. 'बेंचमार्क चांगला आहे म्हणजे डिस्क चांगली आहे, दोष माझ्या कोडचाच.' मीही अर्धा दिवस असंच धरून चालले. पण बेंचमार्कने नेमकं काय मोजलं हे विचारायला हवं होतं. त्या चाचणीचा ठरलेला आकार १ जीबी आहे. माझं काम ६० जीबीचं. दुधात पाणी आहे का ते बघायला चमचाभर साय चाखावी, तसं हे झालं.

हे कळायला एसएसडीच्या पोटात थोडं शिरावं लागेल. फ्लॅश मेमरीचा एक कप्पा विद्युतभार साठवतो. त्यात एकच बिट ठेवायचं तर भाराच्या दोन पातळ्या ओळखता आल्या की पुरे, हे काम झटपट होतं. स्वस्त डिस्कमध्ये एका कप्प्यात चार बिट ठेवतात, याला क्यूएलसी म्हणतात. चार बिटांना सोळा पातळ्या लागतात. सोळापैकी नेमकी एक पातळी गाठायची तर भार हळूहळू, जपून भरावा लागतो, म्हणून लिहिणं फार हळू होतं. कंपन्यांनी यावर तोड काढली: रिकाम्या कप्प्यांपैकी काही भाग तात्पुरता एक-बिटी पद्धतीने वापरायचा. येणारा डेटा आधी तिथे पटकन उतरवायचा आणि डिस्क मोकळी असेल तेव्हा सावकाश चार-बिटी कप्प्यांत नेऊन रचायचा.

स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं आहे हे. बाजारातून आलेलं सामान आपण आधी ओट्यावर ठेवतो आणि सवडीने डब्यांत भरतो. एकदा सामान आलं तर काही अडत नाही. पण ओटा भरलेला असताना लगेच दुसरी खेप आली, तर दारात उभं राहून एकेक डबा भरल्याशिवाय पुढची पिशवी आत घेता येत नाही. आणि या ओट्याची खोड अशी की तो रिकाम्या फडताळांचाच बनलेला असतो. फडताळं भरत गेली की ओटाही आकसत जातो.

आता माझा आठवडा पुन्हा बघा. सकाळी डिस्क रात्रभर निवांत होती, ओटा रिकामा. अ चे ६० जीबी त्यावर मावले. लगेच ब सुरू, ओटा भरलेला, ब चा बहुतेक सगळा डेटा चार-बिटी वेगाने उतरला. जेवणाच्या सुट्टीत डिस्क आतल्या आत आवराआवर करत होती, त्यात ज्युनियरचा गेम अडकला. आणि रोजचं १२० जीबी आउटपुट मी जपून ठेवत होते (कधी लागेल सांगता येत नाही, ही सवय तुम्हालाही लागेल), त्यामुळे गुरुवारपर्यंत डिस्क भरत आली, ओटा आकसला आणि अ सुद्धा त्यावर मावेना. १४ मिनिटं.

कथा छान जुळली. पण कथा जुळणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे. म्हणून दोन चाचण्या. पहिली: एफआयओ नावाच्या मोफत साधनाने सलग १०० जीबी लिहायचे आणि दर सेकंदाचा वेग नोंदवायचा. (यादृच्छिक डेटा लिहा. नुसते शून्य लिहिले तर काही कंट्रोलर ते दाबून लहान करतात आणि आकडा फुगतो.) डिस्क निम्मी रिकामी असताना वेग १,७०० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास होता, ७० जीबीनंतर तो एकदम १०० वर कोसळला. डिस्क ८५ टक्के भरलेली असताना हाच कडा २५ जीबीवर आला. पहिल्या आलेखाची सरासरी काढली तर सुमारे २९० येते. त्या वेगाने डिस्क एक सेकंदही चालली नव्हती. सरासरी द्यायच्या आधी आलेख काढा, असं का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

दुसरी चाचणी तर लाज वाटावी इतकी सोपी. जुन्या फाइली दुसरीकडे हलवल्या, मशीन रात्रभर राहू दिलं आणि सकाळी क्रम उलटा केला. आधी ब, मग अ. ब ला साडेनऊ मिनिटं, अ ला १७. पुढच्या दिवशी दोन्हींच्या मध्ये एक तास थांबले: अ ला ९, ब ला साडेनऊ. 'जवळपास दुप्पट' गेलं कुठे? ते पद्धतीत कधी नव्हतंच, क्रमात होतं.

शेतीच्या प्रयोगांत वाफ्यांना खतं चिठ्ठ्या टाकून का वाटतात, हे तुम्ही संशोधन पद्धतीच्या पेपरात वाचाल. रोनाल्ड फिशरने रॉथमस्टेडच्या शेतांवर काम करताना १९२० च्या दशकात ही यादृच्छिक वाटणीची पद्धत रुजवली. जमिनीचा कस एका बाजूने बदलत जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. कॉम्प्युटर हेही एक शेत आहे, आणि आधीच्या पिकाचा परिणाम त्यातही मागे राहतो, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मोजण्याच्या साधनालाच दोष दिसत नाही, असा प्रकार माझ्यापुरता नाही. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० इव्हो या लोकप्रिय एसएसडीबद्दल तक्रारी सुरू झाल्या: नव्या फाइली झपाट्याने वाचल्या जातात, पण काही आठवडे-महिने न हात लावलेल्या जुन्या फाइली अगदी संथ. नेहमीचे बेंचमार्क निर्दोष, कारण ते ताजी फाइल लिहून तीच वाचतात. जुनी फाइल ते बघतच नाहीत! फाइलच्या वयाप्रमाणे वाचनाचा वेग मांडला तेव्हा कुठे दोष उघडा पडला. कप्प्यांतला भार काळानुसार सरकत होता, त्यामुळे पातळी ओळखायला कंट्रोलरला पुन्हा पुन्हा वाचावं लागत होतं. कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती दिली, काही महिन्यांत त्रास परत आला, आणि २०१५ मध्ये जुना डेटा अधूनमधून नव्याने लिहिणारं फर्मवेअर द्यावं लागलं. तुमच्या गेमिंग मशीनवर जुनाच गेम हळू उघडतो आणि नवा टाकलेला नाही, असं असेल तर हे प्रकरण आठवा.

हार्ड डिस्कमध्येही असाच एक लपलेला ओटा असतो. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये डेटाचे माग कौलांसारखे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक माग बदलायचा तर त्याच्या पुढचेही लिहावे लागतात. ही आवराआवर डिस्क गुपचूप करते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड ड्राइव्ह या प्रकारच्या निघाल्या आणि ग्राहकांना ते आधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून बराच गदारोळ झाला. अशा डिस्कच्या पोटात काय चालतं हे शोधायला अगायेव्ह आणि डेनॉयर्स या दोघांनी २०१५ च्या 'स्कायलाइट' पेपरसाठी डिस्कच्या झाकणाला चक्क भोक पाडून पारदर्शक खिडकी बसवली आणि हेडची हालचाल वेगवान कॅमेऱ्याने टिपली. वेळेच्या मोजमापावरून बांधलेला अंदाज डोळ्यांनी पडताळला. हा पेपर जरूर वाचा. भाषा सोपी आहे आणि तर्क कसा रचायचा ते त्यातून शिकता येतं.

मापनाबद्दल आणखी एक सापळा सांगते, कारण दर वर्षी कोणी ना कोणी त्यात पडतं. एकच फाइल दुसऱ्यांदा वाचली की ऑपरेटिंग सिस्टीम ती बऱ्याचदा रॅममधून देते. 'माझ्या सुधारित कोडने वाचन पाचपट वेगवान झालं' असा आनंद होतो, आणि खरं तर ती दुसरी फेरी असते एवढंच. यावर एक साधी चाळणी आहे. साटा डिस्क प्रत्यक्षात ५५० एमबी प्रति सेकंदाच्या फारशी वर जात नाही, चार लेनच्या पीसीआयई ३.० ला ३.९ जीबीची कमाल मर्यादा आहे. तुमचा आकडा याच्या वर गेला तर तुम्ही डिस्क मोजतच नाही आहात.

मी काय केलं ते सांगते. जुने आउटपुट लॅबच्या हार्ड डिस्कवर हलवले, एसएसडी निम्मी रिकामी ठेवते. ट्रिम चालू आहे का ते तपासलं. फाइल पुसली की कोणते कप्पे मोकळे झाले हे डिस्कला ट्रिममुळे कळतं, नाहीतर फडताळं रिकामी होऊनही ती भरलेलीच समजते. विंडोज हे आठवड्यातून एकदा आपणहून करते, पण लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ट्रिम बऱ्याचदा पुढे पोचत नाही, ते मुद्दाम सुरू करावं लागतं. प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत आता डिस्क किती भरली आहे, तापमान आणि आधी काय चाललं होतं हे तीन रकाने वाढले आहेत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. आणि तक्त्यात गणनेचा वेळ आणि डिस्कवर लिहिण्याचा वेळ वेगळे दाखवते. वाचकाला माझ्या पद्धतीचा वेग हवा असतो, माझ्या डिस्कचा नव्हे.

तेच मशीन, तीच डिस्क, एक रुपया खर्च नाही. ब पद्धत मात्र परत आली, आणि थिसिसमध्ये आता तीच मुख्य पद्धत आहे.

सरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाकीचे तक्ते कुठल्या क्रमाने काढले होतेस?" चार तक्ते निघाले. दोन पुन्हा काढून झाले आहेत. तिसरा आत्ता चालू आहे, आणि दर फेरीनंतर एक तास थांबावं लागतं, त्या वेळात हे लिहिलं.